अगबोझो मास्तरांची पक्की शिडी

अगबोझो मास्तर पोटमाळ्यावर अडकले तो मंगळवार होता, आणि मंगळवारी तोकोफे गावाचा बाजार भरतो. म्हणजे ज्यांना हाक मारावी अशी माणसं त्या दिवशी घरी नसतात. ज्यांना हाक मारू नये, तेवढीच असतात.

प्रकार तसा साधा होता. मास्तरांच्या पत्नी झिफाबाई समारंभांना भांडीकुंडी, खुर्च्या आणि मांडव भाड्याने देतात. लग्नं असतात, बारशी असतात, पण खरा धंदा मयतीचा. तोकोफेत माणूस जगतो कसाही, जातो मात्र थाटात; मयतीची जेवणावळ कितीतरी आठवडे तयारी करून मग उठते. कोठीच्या खोलीत एक मोठा पोटमाळा आहे आणि त्यावर चारशे ताटं, सहा हंडे, डाव, झारे, पेले असा सगळा संसार रचलेला असतो. मास्तर तिथे दोन डाव काढायला चढले. शिडी लाकडाची होती, मास्तरांच्या वडिलांच्या वेळची. खालची फरशी मात्र झिफाबाईंनी नुकतीच बसवून घेतलेली, गुळगुळीत आणि चकचकीत, तोंड दिसावं अशी. मास्तरांनी शेवटच्या दांडीवरून माळ्यावर पाय टाकला आणि शिडीने त्याच क्षणी फरशीवर लोळण घेतली.

शिडी गेली. मास्तर राहिले.

त्यांनी हाक मारली. 'वाचवा' असं ते ओरडले नाहीत. एकतीस वर्षं सेकंडरी शाळेत भूगोल शिकवलेल्या आणि अकरा वर्षं शिस्त समितीचं अध्यक्षपद भूषवलेल्या माणसाला ते शोभलं नसतं. ते म्हणाले, "कुणी आहे का?" आणि प्रत्येक वेळी मधे सभ्य अंतर ठेवून पुन्हा म्हणाले. असं पावणेदोन तास चाललं.

शेवटी आले आमेतेफे. हे घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात राहणारे भाडेकरू. आयुष्यभर सरहद्दीच्या नाक्यावर कस्टम्समध्ये नोकरी केलेले, त्यामुळे निवृत्तीनंतरही समोरच्या माणसाकडे बघताना त्याच्या सामानात काय असेल याचाच विचार करणारे. हाक त्यांनी पहिलीच ऐकली होती. पण मास्तर कुणाला तरी शिकवत असतील, असा त्यांचा समज झाला.

"मास्तर, वर कधीपासून आहात?" त्यांनी कोठीच्या दारात उभं राहून विचारलं.

"शिडी लावा आधी."

"लावतो. कशासाठी गेला होतात?"

"डाव काढायला."

"किती डाव?"

"दोन! शिडी लावा हो!"

"लावतोच आहे. शिडी पडली तेव्हा तुम्ही तिच्यावर होतात की माळ्यावर?"

सगळी माहिती घेऊन झाल्यावरच आमेतेफेंनी शिडी उचलली. संध्याकाळपर्यंत ती माहिती सगळ्या गल्लीला झाली होती. बाजारातून आलेल्या झिफाबाईंना ती भेंडीच्या वाट्यांबरोबर कोपऱ्यावरच मिळाली. झिफा या नावाचा अर्थ 'जिचं मन निवांत आहे ती' असा होतो. बाई खरोखरच निवांत होत्या. त्यांनी मास्तरांच्या पुढ्यात मक्याच्या पिठाच्या अकप्लेचा गोळा आणि भेंडीचं सार ठेवलं, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "मंगळवारी जन्मलात म्हणून कोमला नाव ठेवलं, तेवढं पुरे होतं. मंगळवारीच मरायला हवं असं काही नाही."

"मी कुठे मरत होतो?"

"माझ्या डावांसकट मरत होतात. पुढच्या पंधरवड्यात सेलासी मॅडमची मयत आहे. चारशे माणूस. सगळी भांडी माळ्यावर. माझ्याकडच्या कामाच्या बायका या शिडीवरून हंडे उतरवणार नाहीत. भिंतीला पक्की शिडी बसवा. लोखंडाची. नाहीतर मी बसवते."

हे शेवटचं वाक्य नसतं तर पुढचं काही घडलं नसतं. सेलासी मॅडम म्हणजे शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. मास्तरांना नोकरीवर घेतलं ते त्यांनीच. त्यांच्या मयतीच्या जेवणावळीत एक ताट जरी कमी पडलं तरी ते तोकोफेत दोन पिढ्या लक्षात राहिलं असतं. पण मास्तरांना टोचलं ते 'नाहीतर मी बसवते'. त्यांनी दुसऱ्याच दिवशी शंभर पानी वही आणली, वर सुवाच्य अक्षरात 'शिडी' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

प्रथम उंची. जमिनीपासून माळ्यापर्यंतची उंची मास्तरांनी तीनदा मोजली आणि तीन वेगवेगळी उत्तरं आली. त्यांनी सरासरी काढली. मोजपट्टीचा पहिला इंच तुटून गेलेला आहे हे झिफाबाईंनी लक्षात आणून दिलं तेव्हा त्यांनी सरासरीत एक इंच मिळवला. मग तो मिळवायचा की वजा करायचा, यावर आमेतेफेंशी अर्धा तास चर्चा झाली. आमेतेफेंचं मत, दोन्ही करून बघावं.

उंचीनंतर प्रश्न आला उताराचा, आणि इथे मास्तर आपल्या मुलुखात शिरले. शिडी अगदी उभी असेल तर चढणारा हातांनीच लोंबकळत चढतो. फार तिरकी असेल तर खोली व्यापते, आणि माणूस तिच्यावरून जिन्यासारखा पाठ करून उतरू लागतो, तोल जाऊन तोंडावर पडतो. यावर त्यांनी डोंगर, दऱ्या आणि पाणलोट यांचे दाखले देत झिफाबाईंना बराच वेळ समजावलं. त्या तोवर तांदूळ निवडत होत्या. शेवटी पंचाहत्तर अंश ठरले.

दरम्यान बातमी पसरली होतीच. आपल्या लोकांचा एक गुण आहे. तुमच्या पोटात दुखत असेल तर तुम्हाला कोणी विचारणार नाही, पण तुम्ही काही बांधताय म्हटलं की तोंड धुवायच्या आधी येतील. समोरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, लोखंड गंजतं, लाकूड घ्या. चर्चच्या बँडमधले ट्रम्पेटवाले म्हणाले, लाकडाला वाळवी लागते, ॲल्युमिनियम घ्या. आमेतेफे म्हणाले, गोल जिना करा. गोल जिना कशाला, तर त्यांनी तो एका मंत्र्याच्या घरी पाहिला होता. मास्तरांनी प्रत्येकाचं मत वहीत उतरवून घेतलं आणि पुढे 'अस्वीकृत' असा शेरा मारला.

वेल्डर ठरला सेन्यो. हा मास्तरांचाच विद्यार्थी. आता चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, पण भूगोलात त्याला शंभरपैकी अकरा मार्क पडले होते ही गोष्ट मास्तर विसरले नव्हते आणि तोही विसरला नव्हता.

"मास्तर, तयार शिड्या तीन आहेत," सेन्यो म्हणाला. "ही पाण्याच्या टाकीची, ही चर्चच्या घंटेची, ही कोंबड्यांची. कुठली देऊ?"

"मला मापाची हवी. दांड्या सारख्या अंतरावर, बारा-बारा इंच. एकही कमी-जास्त नको. पाय सवयीने पडतो, डोळ्याने नाही."

"बरं."

"दांड्या खरखरीत हव्यात, पाय घसरता कामा नये. आणि दोन्ही बाजूंचे हाताचे बार माळ्याच्या वर साडेतीन फूट जायला हवेत."

"वर? वर कशाला? वर तर माळा आहे. माणूस पोचला की."

"सेन्यो, माणूस पडतो तो पोचताना आणि निघताना. त्याच वेळी त्याला धरायला काही नसतं."

सेन्योने मान हलवली. हे ऐकून तो गंभीर झाला असं मास्तरांना वाटलं. तो म्हणाला, "मास्तर, हे तुम्हाला त्या मंगळवारी कळलं का?"

वर एक छोटं फाटक हवं आणि ते आतल्या बाजूला उघडणारं हवं, बाहेर नव्हे, एवढं सांगून मास्तर निघाले.

आता शिडी भिंतीला बसवायची म्हणजे भिंतीला चार भोकं आली, आणि भिंत मास्तरांची नव्हती. घर आजोबांनी बांधलेलं, म्हणजे भाऊबंदांचं. भाऊबंदांचे प्रमुख अमुझू काका, वय ब्याऐंशी, गावाच्या जुन्या भागात राहणारे. मास्तरांनी विचार केला, चार बोल्टांसाठी म्हाताऱ्याला कशाला त्रास? झिफाबाई म्हणाल्या, "त्रास नाही दिलात तर त्यांना जास्त त्रास होईल." त्या बरोबर होत्या. मास्तर मानाच्या दारूची, श्नॅप्सची, बाटली घेऊन गेले आणि शनिवारी बैठक ठरली.

बैठकीला चौदा माणसं आली. काकांनी पूर्वजांच्या नावाने जमिनीवर श्नॅप्सची धार सोडली, पूर्वजांना कोमलाच्या शिडीबद्दल थोडक्यात सांगितलं, आणि मग सगळे मूळ विषयाकडे वळले. मूळ विषय म्हणजे नदीकाठची ताडाची बाग एकोणीसशे एकसष्ट साली कुणाच्या वाट्याला गेली. तीन तासांनी पुन्हा शिडीचं नाव निघालं, तेसुद्धा मास्तर उठून खोकले म्हणून.

"भोकं पाड," काका म्हणाले. "पण ती भिंत कशी उभी राहिली ते ऐक. माझ्या बापाने ती हातांनी उभारलीय. ओढ्याकाठची लाल माती, त्यात गवत, पायांनी तुडवून. मी नऊ वर्षांचा होतो. मी तुडवत होतो. वरून सिमेंट तुझ्या बापाने नंतर लावलं, साहेबी दिसावं म्हणून. आत माती आहे रे, कोमला. माती."

मास्तरांनी आदराने मान हलवली. ही गोष्ट ते लहानपणापासून ऐकत होते आणि ती ऐकताना दुसरा विचार कसा करायचा हे त्यांना चांगलं जमत होतं. त्या वेळी ते बोल्टच्या जाडीचा विचार करत होते.

सोमवारी सेन्यो ड्रिल घेऊन आला. अकप्लेच्या गोळ्यात बोट जावं तसं ड्रिल भिंतीत गेलं. सेन्यो जोर लावायला म्हणून जो पुढे झुकला तो भिंतीला कपाळ लावूनच थांबला. पलीकडून आमेतेफेंचा आवाज आला. आवाज म्हणजे नुसता स्वर, शब्द नव्हते. मास्तर धावत गेले. आमेतेफेंच्या बैठकीच्या खोलीत त्यांचं निवृत्तीचं मानपत्र चौकटीत लावलेलं होतं. ड्रिलचं टोक मानपत्राच्या बरोबर मधून बाहेर आलं होतं, 'निष्कलंक' या शब्दातून.

आमेतेफे खुर्चीवर बसून त्याकडे बघत होते. "मास्तर," ते म्हणाले, "सदतीस वर्षं मी नाक्यावर होतो. कुणी एक डाग दाखवू शकला नाही."

मास्तरांनी क्षमा मागितली. दुसरी चौकट करून देण्याचं कबूल केलं. आमेतेफे म्हणाले चौकटीचा प्रश्न नाही. कशाचा प्रश्न आहे ते मात्र त्यांनी चार दिवस सांगितलं नाही, आणि त्या चार दिवसांत सल्लाही दिला नाही. मास्तरांना कबूल करायला आवडलं नसतं, पण त्यांना करमेना.

"आत माती आहे," सेन्यो बोटांवरची लाल भुकटी झटकत म्हणाला. "मास्तर, इथे बोल्ट धरणार नाही. कुणी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"

"नाही," मास्तर म्हणाले. झिफाबाई दारात उभ्या होत्या. त्या बैठकीला हजर होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि हे त्यांनी मुद्दाम केलं हे मास्तरांना दिसेल अशा बेताने आत गेल्या.

उपाय सेन्योनेच काढला. भूगोलात अकरा मार्क मिळवणाऱ्या माणसाने तो काढावा याचं मास्तरांना वाईट वाटलं, पण उपाय खरा होता. भिंतीचा नाद सोडायचा. खाली जमीन फोडून काँक्रीट भरायचं आणि शिडीचे पाय त्यात रोवायचे. वर माळा ज्या ओडुम लाकडाच्या तुळईवर उभा आहे, तिच्यातून आरपार बोल्ट घालायचे. ते लाकूड लोखंडाला लाजवणारं. मात्र त्यासाठी झिफाबाईंच्या चार फरश्या फुटणार होत्या. त्या फुटल्या तेव्हा झिफाबाई स्वयंपाकघरात होत्या, आणि प्रत्येक ठोक्याला आतून एकेका भांड्याचा आवाज येत होता.

काँक्रीटसाठी दारात वाळूचा ढीग पडला, शेजारी नवी कोरी शिडी भिंतीला टेकवून ठेवली. बुधवारी मास्तर सकाळी दार उघडून बाहेर आले तर घराच्या दर्शनी भिंतीवर हातभर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: काम थांबवा. परवाना दाखवा.

आता अशी अक्षरं गावात बऱ्याच भिंतींवर आहेत. काही घरांवर ती तीस वर्षं आहेत आणि पत्ता सांगायला उपयोगी पडतात. पण मास्तरांच्या भिंतीवर आजवर खडूचा ओरखडाही नव्हता. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, वही काखेत मारली आणि बांधकाम परवान्यांच्या कचेरीत गेले.

खिडकीमागच्या बाईंनी फॉर्म समोर ठेवला. "काय बांधताय?"

"शिडी."

"शिडी इथे नाही." त्यांनी फॉर्मवर बोट फिरवलं. "भिंत आहे, छप्पर आहे, कुंपण आहे, जिना आहे, पाडकाम आहे."

"यातलं काहीच नाही. शिडी ही सामानात मोडते."

"हलवता येते?"

"नाही, पक्की आहे."

"मग सामान कसं? जिना लिहिते."

"जिना नका लिहू, बाई."

"जिना लिहिला की मजला आला. वरचा मजला आला की नकाशा लागेल. नकाशा आणला आहात?"

"वर मजला नाही. ताटं आहेत."

बाईंनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "मास्तर, तुम्ही मला नदीचं वळण शिकवलंत, म्हणून सांगते. शिडी पक्की करू नका. टेकवून ठेवा. टेकवलेल्या शिडीला परवाना लागत नाही."

"टेकवलेल्या शिडीवरूनच मी पडणार होतो!"

"त्याला परवाना लागत नाही," बाई म्हणाल्या.

शेवटी तपासणीसाला पाठवायचं ठरलं. हे फियाग्बे नावाचे गृहस्थ गुरुवारी आले. जाडजूड, घामाघूम, हातात फायलींची पिशवी. तो मजला आहे की माळा आहे हे वर जाऊन बघितल्याशिवाय आपण काही लिहिणार नाही, असं त्यांनी सांगितलं. नवी शिडी त्यांच्याच हुकमाने अंगणात उभी होती. तेव्हा मास्तरांनी नाइलाजाने जुनी लाकडी शिडी लावली. "साहेब, पिशवी खाली ठेवा. दोन्ही हात मोकळे असू द्या. आम्ही दोघं खालून धरतो," ते म्हणाले. फियाग्बे म्हणाले, मी रोज छपरांवर चढतो.

ते पिशवी काखेत धरून चढले. वर पोचले, धरायला काही नव्हतं म्हणून त्यांनी हवा धरली, आणि शिडी फरशीवर बोटभर सरकली. फक्त बोटभर. खाली मास्तर आणि झिफाबाई दोघांनी पाय रोवून ती धरून ठेवली होती. पण वर असलेल्या माणसाला बोट आणि हात यांतला फरक कळत नाही. फियाग्बेंनी आपल्या मातोश्रींना मोठ्याने हाक मारली. फायली चारशे ताटांवर विखुरल्या.

त्यांना खाली आणून पाणी दिलं. मग त्यांनी कागद मागितला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: जागा धोकादायक. पक्की शिडी तत्काळ बसवावी. विलंब केल्यास कारवाई होईल.

"आणि बाहेरची लाल अक्षरं?" मास्तरांनी विचारलं.

"ती वेगळ्या विभागाची," फियाग्बे म्हणाले.

"पण रंगवली तर तुम्हीच ना?"

"त्या दिवशी मी त्या विभागात होतो."

अशा रीतीने त्या घरावर काम थांबवण्याचा आणि काम ताबडतोब करण्याचा, असे दोन्ही हुकूम एकाच वेळी लागू झाले. झिफाबाईंनी दोन्ही वाचून घेतले आणि सेन्योला निरोप धाडला. लवकर वाळणारं सिमेंट घालून त्याच दुपारी शिडी उभी राहिली. बोल्ट तुळईतून आरपार गेले आणि पलीकडे नटांनी आवळले गेले. शुक्रवारी सकाळी मास्तरांनी परीक्षा घेतली. प्रत्येक दांडीवर मक्याचं भरलेलं पोतं लटकवायचं, शंभरपर्यंत मोजायचं, मग पुढची दांडी. आमेतेफे न राहवून आले, म्हणाले, "दोनशेपर्यंत मोजा," आणि त्या शब्दांबरोबर त्यांचा राग संपला. मास्तरांना इतकं बरं वाटलं की त्यांनी खरोखर दोनशेपर्यंत मोजलं.

मग मास्तरांनी पुठ्ठ्यावर नियम लिहून शिडीशेजारी टांगले. एका वेळी एकच माणूस. तोंड शिडीकडे. हात रिकामे. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, सदैव शिडीवर. ओझं दोराने. वरच्या फाटकाची कडी लावल्याशिवाय माळ्यावर काम नाही. माळ्यावर कप्पी बसवली होती, दोराला टोपली बांधली होती. झिफाबाईंच्या बायका आल्या, नियम वाचून एकमेकींकडे बघून हसल्या, पण हसत हसत तसंच करू लागल्या. ताटांच्या टोपल्या खाली येऊ लागल्या. पहिल्या तासात एकही ताट वाजलं नाही.

आणि मग अमुझू काका आले.

"शिडी बघायला आलो," ते दारातून म्हणाले. बायका बाजूला सरकल्या. काकांनी शिडीला काठीने दोनदा टोचलं आणि वर पाहिलं. "ती तुळई तीच ना रे? माझ्या बापाने चढवलेली?"

"तीच, काका. बोल्ट तिच्यातूनच गेलेत."

"मी खालून दोर ओढत होतो. वर नाही जाऊ दिलं मला. म्हणाला, लहान आहेस." काकांनी चप्पल काढली. "त्र्याहत्तर वर्षं झाली. आता जाऊ का?"

"काका, नको," मास्तर म्हणाले.

"तू नको म्हणतोस? शिडी पक्की नाही का तुझी?"

झिफाबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी काकांच्या हातातली काठी घेतली, टोपलीत ठेवली आणि दोर ओढला. काठी आधी वर गेली. मग काका.

ते सुंदर चढले. तरुणपणी ताडावर चढलेला माणूस, शरीर विसरलं नव्हतं. हात, पाय, हात, पाय, कसलीच घाई नाही. वर बार धरून त्यांनी अलगद माळ्यावर पाय ठेवला, फाटक लोटलं आणि तुळईपाशी बसले. तिच्यावर हात ठेवून बराच वेळ बसले. सहा हंडे अजून वरच होते, दुपार कलत होती, मयतीच्या घरून दोनदा निरोप येऊन गेला होता, तरी झिफाबाईंनी बायकांना हाताने थोपवून धरलं.

"तासणीचे घाव आहेत अजून," काका वरून म्हणाले. कुणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही.

मग ते उतरायला उठले, आणि जिना उतरावा तसे शिडीकडे पाठ करून उभे राहिले.

"काका, तोंड शिडीकडे करा," मास्तर म्हणाले.

"मी लोकांना पाठ दाखवून उतरत नाही."

"शिडीला तोंड म्हणजे लोकांना पाठ नव्हे, काका."

"मग काय ते?"

मास्तरांनी भूगोलाच्या तासासारखी हातानेच वळायची दिशा दाखवली. काका वळले, पण वळताना खाली पाहिलं, आणि तिथेच थांबले. चढताना माणूस वर बघतो. नऊ फूट खाली असतात हे त्याला उतरतानाच कळतं. बारांवरची त्यांची बोटं पांढरी पडली. गुडघे थरथरताना खालून दिसले.

"कोमला," ते हळू आवाजात म्हणाले. ब्याऐंशी वर्षांचा, चौदा माणसांना तीन तास बसवून ठेवणारा आवाज तो नव्हताच.

मास्तर शिडी चढू लागले. एका वेळी एकच माणूस, हा नियम त्यांच्या नाकासमोरून खाली गेला. ते काकांच्या अगदी मागे आले, दोन्ही हातांनी बार धरून त्यांना मिठीत घेतल्यासारखे उभे राहिले. "डावा पाय खाली. दांडी आहे. तिथेच आहे. आता उजवा. बारा इंच. पुन्हा बारा इंच. सगळ्या सारख्या आहेत, काका, एकही फसवणार नाही."

असे चार दांड्या आले. पाचवीवर काकांचा पाय मास्तरांच्या गुडघ्याला अडखळून निसटला. सगळं वजन एकदम हातांवर आलं. लोखंड कण्हलं, तुळईत कुठेतरी कट्ट आवाज झाला, खाली एका बाईने तोंडावर हात नेला. शिडी हलली नाही. काकांनी बार सोडले नाहीत. हवेत फिरणाऱ्या त्यांच्या पायाला काहीतरी सापडलं आणि त्यावर ते पूर्ण भार देऊन उभे राहिले. ती खालची दांडी धरलेल्या मास्तरांच्या उजव्या हाताची बोटं होती.

मास्तर म्हणाले, "छान. असंच." त्यांचा आवाज थोडा उंच झाला होता. "आता उजवा पाय खाली."

जमिनीला पाय लागल्यावर काकांनी सदरा झटकला, काठी मागितली, आणि ती टोपलीतून उतरेपर्यंत अतिशय करारी चेहऱ्याने उभे राहिले. मग अंगणात गेले. बायका लगबगीने कामाला लागल्या, हंडे दोराने एकामागून एक उतरू लागले.

मास्तर कोठीच्या कोपऱ्यात उलट्या घातलेल्या पातेल्यावर बसले होते. हात पाठीमागे होता. झिफाबाई येऊन समोर उभ्या राहिल्या.

"बघू."

"काही नाही."

"मग हात मागे कशाला?"

त्यांनी वाडग्यात थंड पाणी आणलं, मास्तरांची बोटं त्यात बुडवली आणि आपला हात वरून तसाच ठेवला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "शिडी बरी झालीय."

लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती. 'बरी'च्या पुढचा शब्द झिफाबाईंनी आजवर फक्त सेलासी मॅडमबद्दल वापरला होता, तोही त्या गेल्यावर.

अंगणातून काकांचा आवाज येत होता. तो आता पुन्हा चौदा माणसांना पुरेल एवढा झाला होता. "कोमला शिडीवर मधेच घाबरला," ते आमेतेफेंना सांगत होते. "पाय लटलट कापत होते त्याचे. मी होतो म्हणून ठीक. एकेक दांडी सांगत खाली आणला त्याला."

"कितव्या दांडीपासून?" आमेतेफेंनी विचारलं.

झिफाबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पाण्यातली बोटं हळूहळू हलवून बघत होते. सगळी हलत होती.

"पाचव्या," ते खिडकीतून ओरडून म्हणाले.